नोकरीत असताना गुपचूप मुलाखती कशा द्यायच्या: पुण्यातल्या नोकरदारासाठी

खराडीतली मुलाखत आटपून मी दुपारी दोनला ऑफिसात परतलो होतो. शर्ट बदलायला वेळ मिळाला नव्हता, पण वर जर्किन होतं, म्हणून निर्धास्त. जागेवर आलो, जर्किन काढून खुर्चीला अडकवलं, तेवढ्यात शेजारचा म्हणाला, "अरे, खिशावर काय चिकटवलंयस हे?" चौकोनी पांढरं स्टिकर. वर ‘व्हिजिटर’, खाली माझं नाव, त्या दिवसाची तारीख आणि जिथे गेलो होतो त्या कंपनीचं नाव. त्याने ते हळूच सोलून काढलं, त्याची गोळी केली आणि माझ्या चहाच्या रिकाम्या कपात टाकली. नंतर कधी विषयही काढला नाही. माणूस चांगला होता म्हणून निभावलं.

त्यानंतर मी दोनदा नोकरी बदलली आणि काही वर्षं टेबलाच्या पलीकडे, मुलाखत घेणाऱ्या पॅनेलच्या खुर्चीतही बसलो. दोन्हीकडून जे दिसलं ते इथे क्रमाने लिहितो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: गुपचूप राहायला खोटं बोलावं लागत नाही, कमी बोलावं लागतं. पकडले जाणारे बहुतेक जण स्वतःच रचलेल्या गोष्टीत अडकतात.

पहिलं काम: प्रोफाइल आवरा

अर्ज करण्याआधी अर्धा तास सेटिंगमध्ये घालवा. नौकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांना आपलं प्रोफाइल दिसू नये अशी सोय आहे. तिथे फक्त स्वतःच्या कंपनीचं नाव टाकून थांबू नका. समूहातल्या इतर कंपन्या, जुनं नाव, नुकतीच विकत घेतलेली कंपनी, हे सगळं टाका. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ची हिरवी चौकट फोटोभोवती लावणं म्हणजे गळ्यात पाटी अडकवून फिरणं. फक्त रिक्रूटरना दिसेल असा दुसरा पर्याय आहे, पण तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून तो पूर्ण लपेल याची हमी लिंक्डइनही देत नाही. शिवाय प्रोफाइलमधले बदल ओळखीच्यांना कळवण्याची सेटिंग आधी बंद करा, मग बदल करा. वर्षभर प्रोफाइलकडे न फिरकलेला माणूस एका रात्रीत पंधरा स्किल टाकतो, तेव्हा एचआरला वेगळं काही सांगावं लागत नाही. आठवड्याला दोन-दोन ओळी बदला.

रेझ्युमेवर घरचा मेल आणि स्वतःचा फोन नंबर. हे सांगायची गरज पडू नये, पण पॅनेलवर असताना ऑफिसच्या मेलवरून आलेले रेझ्युमे मी पाहिले आहेत.

ऑफिसच्या यंत्रावर यातलं काहीही नको

लॅपटॉप कंपनीचा, वायफाय कंपनीचं, प्रिंटर कंपनीचा, आणि तिन्हींची नोंद कुठेतरी राहते. कोण बघत बसतंय, असं वाटतं. एरवी कोणी बघत नाही, हे खरंच. पण बघायचं ठरलं की सगळं सापडतं. रेझ्युमेच्या प्रती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे काढा, पानाला दोन-पाच रुपये जातील.

सगळ्यात दगाबाज म्हणजे ब्राउझर. ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःच्या गुगल खात्याने लॉग-इन केलं असेल, तर रात्री घरी शोधलेलं सकाळी ऑफिसात उगवतं. आमच्या एका स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, एकजण स्क्रीन शेअर करून काहीतरी दाखवत होता. पत्त्याच्या पट्टीत त्याने पहिलं अक्षर टाइप केलं आणि खाली जॉब साइटचे चार पत्ते ओळीने हजर. अकरा माणसं स्क्रीनकडे बघत होती. कोणी काही बोललं नाही, पण जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना माहीत होतं. ऑफिसच्या लॅपटॉपवरून ते गुगल खातं आजच काढून टाका. मुलाखतीची वेळही ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये टाकू नका. घरच्या फोनमध्ये आठवण लावा, तीही शीर्षकात ‘काम’ एवढंच लिहून.

ऑफिसच्या पोर्टलवरून एकच गोष्ट उतरवून घ्यायची, ती म्हणजे स्वतःच्या पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६. तुमचेच कागद आहेत. पण दर महिन्याला एक उतरवायची सवय ठेवा. सहा महिन्यांच्या स्लिपा एका दुपारी काढल्या की पोर्टलच्या नोंदीत ते उठून दिसतं.

रिक्रूटरला पहिल्याच दिवशी हद्द आखून द्या

रिक्रूटर हमखास सकाळी साडेअकराला फोन करणार, तेव्हा तुम्ही मॅनेजरशेजारी बसलेले असणार, आणि ट्रूकॉलर स्क्रीनभर त्या कंपनीचं नाव झळकवणार. म्हणून पहिल्याच फोननंतर एक मेसेज पाठवा. माझा साधारण असा असतो:

"नमस्कार. मी सध्या नोकरीत आहे, त्यामुळे ही चौकशी आपल्यातच राहू द्यावी. दिवसा मेसेज करा, फोन संध्याकाळी ७ नंतर किंवा सकाळी ९ च्या आत. माझा रेझ्युमे मला विचारल्याशिवाय कोणत्याही कंपनीला पाठवू नये. नोटीस पिरियड ९० दिवस."

यातलं रेझ्युमेचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. कन्सल्टन्सीवाले बऱ्याचदा कंपनीचं नाव सांगत नाहीत. ‘बाणेरमधली मोठी प्रॉडक्ट कंपनी’ म्हणतात आणि रेझ्युमे मागतात. ती बाणेरमधली मोठी कंपनी तुमचीच निघू शकते. माझ्या ओळखीतल्या एकाचा रेझ्युमे असाच फिरून त्याच्याच डिलिव्हरी हेडच्या टेबलावर पोचला होता. नाव सांगत नसतील तर रेझ्युमे नाही, इतकं साधं ठेवा.

नोटीस पिरियड मात्र खरा सांगा. ‘तीस दिवसांत येतो’ म्हणायचं आणि ऑफर आल्यावर नव्वद निघायचे, यात महिनाभराची मेहनत वाया जाते. किती राउंड आहेत, त्यातला प्रत्यक्ष जाऊन द्यायचा कोणता, आणि सगळे एका दिवसात होतील का, हे तेव्हाच विचारून घ्या. तीन राउंड एका दुपारी होत असतील तर तुमच्या दोन रजा वाचतात.

रजा: आजीला जगू द्या

पुण्यातल्या प्रत्येक टीममध्ये एक तरी माणूस असा असतो, ज्याची आजी वर्षात तीनदा वारलेली असते. कृपया तो माणूस होऊ नका. आजारपणाची रजाही नको. दुसऱ्या दिवशी कोणीतरी मनापासून विचारतं, "ताप उतरला का?" आणि तुम्ही म्हणता, "कसला ताप?"

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला ८ नैमित्तिक रजा दिल्या आहेत. त्या तिमाहीच्या हिशेबाने जमा होतात आणि वर्षाअखेर उरल्या तर बुडतात. आपल्याकडे हे भांडवल आहे, ते कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांत आणि रिसेप्शनांत आधीच उधळू नका. शोध सुरू करायच्या आधी किमान चार हाताशी ठेवा.

मागताना एवढंच: "गुरुवारी पहिला हाफ रजा घेतोय, थोडं काम आहे." पुढे शब्द नाही. "कसलं काम?" असं मॅनेजरने विचारलंच तर हसून "आहे जरा खासगी" म्हणायचं. बँक, आरटीओ, मुंढव्याचं पासपोर्ट ऑफिस अशी तयार कारणं जिभेवर असतात, पण त्यांना शेपूट असतं: पासपोर्ट आला का, कुठे निघालास, व्हिसा कुठला? ‘खासगी काम’ला शेपूट नाही. आणि मुलाखती नसतानाही अधूनमधून अशी अर्धी रजा घ्या, म्हणजे ती नवलाची राहत नाही.

एमआयडीसीतल्या मंडळींचं गणित वेगळं आहे. भोसरी-पिंपरी पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारची, तर समोरच्या कंपनीचं एचआर ऑफिस कित्येकदा त्या दिवशी चालू. माझा एक मित्र क्वालिटीत आहे. त्याने अख्खी नोकरी दोन गुरुवारांत बदलली, एकही रजा न टाकता. ज्यांची सुट्टी रविवारची, त्यांनी शनिवारचे वॉक-इन ड्राइव्ह, म्हणजे वेळ न ठरवता थेट जाऊन द्यायच्या मुलाखती, बघाव्यात. पण तिथे रांगेत तुमच्याच मजल्यावरचा कोणीतरी उभा असण्याची शक्यता बरीच. भेटलाच तर घाबरू नका. तोही तुम्हाला बघून तेवढाच घाबरलेला असतो.

घरून काम करण्याच्या दिवशी कामाच्या वेळेत मुलाखत देऊन टाकायचा मोह होतो. त्या वेळेची अर्धी रजा टाकाच. एक म्हणजे त्या वेळेचा पगार तुम्ही घेताय. दुसरं, टीम्सवरचा हिरवा ठिपका पाच मिनिटांत पिवळा होतो आणि नेमकी तेव्हाच ग्राहकांकडे चालू असलेली सिस्टिम बंद पडते.

व्हिडिओ मुलाखतीची जागा

ऑफिसची मीटिंग रूम नको, काच कितीही दुधी असली तरी. एफसी रोडवरचा कॅफे नको, मिक्सरच्या आवाजात सिस्टिम डिझाइन समजावता येत नाही. घर सगळ्यांत चांगलं. ते जमत नसेल तर को-वर्किंगमध्ये तासाच्या भाड्याने छोटी खोली मिळते. चांगल्या नोकरीपुढे ते पैसे काहीच नाहीत.

तिसरा पर्याय गाडी. मी दोन राउंड गाडीतून दिलेत, त्यामुळे तपशिलात सांगतो. ऑफिसच्या पार्किंगमध्ये नाही, तिथून किमान दोन चौक पुढे, सावलीत. झाडाखाली लावताना वर बघा, कारण काचेवर पडणारा पक्ष्यांचा प्रसाद समोरच्यालाही दिसतो. मागच्या सीटवर बसा, म्हणजे स्टीअरिंग चौकटीत येत नाही. लॅपटॉप मांडीवर नको, त्यात कॅमेरा नाकपुड्या दाखवतो. पुढच्या सीटचा हेडरेस्ट काढून पाठ पुढे झुकवली की लॅपटॉप ठेवण्याजोगी जागा होते. हॉटस्पॉटची रेंज त्याच जागी, त्याच वेळेला आदल्या दिवशी तपासा. पावसाळ्यात हा पर्याय बाद. टपावर पाऊस वाजायला लागला की समोरच्याला वाटतं तुम्ही पापड तळताय. सुरुवातीलाच सांगून टाका, "मी सध्या नोकरीत आहे, म्हणून गाडीतून बोलतोय." पॅनेलवर बसलेल्याला याचं काही वाटत नाही, उलट माणूस नोकरीची कदर करतोय असंच वाटतं.

लॅपटॉप घरचा हवा. नसेल तर भावाचा, मैत्रिणीचा मागून आणा. कोडिंग राउंडला स्क्रीन शेअर करावी लागते. त्याआधी सगळी नोटिफिकेशन बंद. आईचा "पनीर आण येताना" हा मेसेज मी एका उमेदवाराच्या स्क्रीनवर वाचला आहे. त्याला घेतलं, पण पनीरमुळे नाही.

कपडे

जिथे सगळे टी-शर्टात येतात तिथे इस्त्रीचा शर्ट घालून आलात की पहिला प्रश्न: "काय रे, लग्नाला चाललास की इंटरव्ह्यूला?" यावर उपाय दोन. शोध सुरू करण्याच्या महिनाभर आधीपासून आठवड्यातून एकदा फॉर्मल घालायला लागा. पहिल्या आठवड्यात टिंगल होते, चौथ्यात कोणी बघत नाही. किंवा शर्ट डिकीत ठेवा. घडी करून ठेवलात तर पोटावर आडवी रेघ उमटते, म्हणून जुन्या वर्तमानपत्रावर गुंडाळी करून पिशवीत. बदलायला वाटेतल्या मॉलचं स्वच्छतागृह उत्तम. दुचाकीवाल्यांनी बूटही सोबत ठेवावेत. जुलैत वाकडच्या पुलाखालून गेलेले बूट घेऊन रिसेप्शनच्या पांढऱ्या फरशीवर उभं राहणं फार वाईट असतं.

गळ्यातलं ओळखपत्र मात्र निघताना काढाच. ते अंगाचा भाग झालेलं असतं, त्यामुळे आठवत नाही.

रस्ता आणि गेट

हिंजवडी आणि खराडी ही शहराची दोन टोकं. एकीकडे नोकरी आणि दुसरीकडे मुलाखत असेल तर गर्दीच्या वेळी जाण्याचेच दोन तास धरा. हिंजवडीची मुलाखत शक्यतो सकाळी नऊची मागा आणि साडेसातच्या आत भूमकर चौक ओलांडा. लवकर पोचलात तर बाहेर टपरीवर चहा घेत बसा. कोथरूड-डेक्कनकडून खराडी किंवा विमाननगरला जायचं असेल तर वनाझ-रामवाडी मेट्रो आणि पुढे रिक्षा, हे सगळ्यांत बेभरवशाच्या शहरातलं त्यातल्या त्यात भरवशाचं साधन. पिंपरीकडून येणाऱ्यांनी सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी. मेट्रोत शर्टाची इस्त्रीही टिकते.

आयटी पार्कचं गेट ही धोक्याची जागा. एकाच आवारात दहा-बारा कंपन्या, त्यात तुमचे तीन माजी सहकारी, आणि सगळ्यांचं फूड कोर्ट एकच. मुलाखतीआधी तिथे जेवायला जाऊ नका. रजिस्टरमध्ये ‘कुठून आलात’ या रकान्यात कंपनीचं नाव लिहायची सक्ती नसते, घराचा भाग लिहा. आणि बाहेर पडताना त्या स्टिकरचं काय करायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.

आत गेल्यावर

"सध्याच्या कंपनीला हे माहीत नाही, ऑफर होऊन मी राजीनामा देईपर्यंत तिथे संपर्क करू नये," हे एचआरला तोंडी सांगा आणि फॉर्मवरही लिहा. पार्श्वभूमी पडताळणीच्या फॉर्ममध्ये बहुधा त्यासाठी रकाना असतो. संदर्भासाठी माजी मॅनेजरची नावं द्या, तीही त्यांना आधी विचारून.

सध्याच्या कंपनीबद्दल कडू बोलू नका, आणि क्लायंटचं नाव, आकडे, कोड यातलं काही दाखवू नका. एका उमेदवाराने आम्हाला प्रभावित करायला ऑफिसचा लॅपटॉप उघडून क्लायंटचा डॅशबोर्ड दाखवला होता. काम चांगलं होतं. पण तो उद्या आमचाही डॅशबोर्ड असाच कुणाला दाखवेल, हे टेबलाभोवतीच्या तिघांच्याही एकदम मनात आलं.

कोणाला सांगायचं

घरात जोडीदाराला. आईवडिलांना ऑफर आल्यावर. यात प्रेमाचा प्रश्न नाही, वाहतुकीचा आहे. आई मावशीला सांगते, मावशी भिशीत सांगते, आणि भिशीतल्या कुणाचा तरी जावई तुमच्याच मजल्यावर बसतो. पुणं कितीही वाढलं तरी या बाबतीत अजून पेठेएवढंच आहे. ऑफिसातल्या जिवलग मित्रालाही नको. तो फोडणार नाही, पण पुढच्या रिलीजचं नियोजन चालू असताना तुमच्याकडे बघून गालात हसेल.

आणि मॅनेजरने सरळच विचारलं तर? "बाहेर बघतोयस का?" यावर शपथा घेऊ नका. "चांगलं काही कानावर आलं तर ऐकतो, सगळेच ऐकतात. सध्या मात्र हातातलं काम पूर्ण करतोय," हे खरंही आहे आणि पुरेसंही. शोधाच्या काळात कामात ढिलाई दिसली नाही, तर या प्रश्नाची वेळ सहसा येतच नाही.

ऑफर आल्यावर

तोंडी ऑफरवर पेपर टाकू नका. पत्र हवं, त्यात पगाराची फोड, रुजू होण्याची तारीख, आणि नोटीसचा बायआउट, म्हणजे उरलेल्या नोटीसच्या दिवसांचे पैसे, ते देणार असतील तर तेही लिहिलेलं. मगच स्वतःचं नेमणूक पत्र काढून नोटीस आणि बाँडची (ठरावीक काळाआधी सोडलं तर पैसे भरायची) कलमं वाचा. ‘सोडल्यावर वर्षभर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही’ असलं कलम १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे साधारणपणे टिकत नाही. बाँडचं तसं नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात ३ वर्षं नोकरी किंवा २ लाख रुपये अशी अट योग्य धरली. नोकरीला सलग ५ वर्षं व्हायला थोडेच महिने उरले असतील, तर ग्रॅच्युइटीचा हिशेब मांडून मगच तारीख ठरवा. सरकारी नोकरीतल्यांचं गणित वेगळं, त्यांनी अर्जापूर्वीच ना हरकत प्रमाणपत्राचे नियम बघावेत.

आणखी एक. पीएफच्या खात्यात प्रत्येक नोकरीची रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. रेझ्युमेवर चार महिन्यांची नोकरी गाळली असेल किंवा तारखा ओढून जुळवल्या असतील, तर पडताळणीत ते तिथेच उघडं पडतं. ऑफर स्वीकारण्याआधी स्वतःची सर्व्हिस हिस्टरी एकदा उघडून रेझ्युमेशी ताडून बघा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर ती आत्ताच भरून घ्या. नोटीसच्या काळात जुन्या एचआरच्या मागे धावायला वेळ मिळत नाही.

राजीनाम्याची मेल धाडण्याआधी मॅनेजरला दहा मिनिटं बाजूला घ्या आणि तोंडाने सांगा. शक्यतो सोमवारी किंवा मंगळवारी, सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी सांगितलंत तर त्याचा शनिवार-रविवार नासतो, आणि रिलीव्हिंग लेटरसाठी होकार बहुधा त्याच माणसाचा लागणार असतो.